नर-मादी एका कप्प्यात की वेगळ्या पिंजऱ्यांत: ससेपालन प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

पाहायचे आहे ते एवढेच: प्रौढ नर माद्यांबरोबर कायम राहिला तर पैदाशीत काय होते, आणि दोघांना वेगळे ठेवून ठरलेल्या दिवशी भेट घडवली तर काय होते. सगळे ससे न्यूझीलंड व्हाइट. माद्यांना सहा महिने पूर्ण, नर सात महिन्यांचे. मध्यम बांध्याच्या जातीची मादी पाचव्या-सहाव्या महिन्यात पैदाशीला येते, नर साधारण महिनाभर मागे असतो. वयापेक्षा वजनावर भरवसा ठेवावा. जातीच्या प्रौढ वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत न पोहोचलेली मादी नराकडे नेऊ नये. तिची स्वतःची वाढ आणि पोटातली पिल्ले यांत ओढाताण होते.

दोन रचना. ‘रांग’ म्हणजे चार माद्या (र-१ ते र-४) आपापल्या पिंजऱ्यात आणि नर त्याच्या पिंजऱ्यात. ‘कप्पा’ म्हणजे चार माद्या (क-१ ते क-४) आणि एक नर जमिनीवर एकत्र. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कमी पडला असे दोन्हीकडे म्हणता येणार नाही.

बाहेरून आल्यावर वेगळे ठेवले होते त्या काळात या माद्या घोळक्याने होत्या. आजपासून आठही माद्या एकेकट्या. नर दाखवण्याआधी किमान १८ दिवस जाऊ द्यायचे. सशाच्या मादीला गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. तिचे बीज मीलनाच्या उत्तेजनेने सुटते, मीलनानंतर साधारण दहा तासांनी. नेमकी हीच उत्तेजना दुसऱ्या मादीने पाठीवर चढल्यानेही मिळू शकते. मग बीज सुटते, फळत नाही, आणि शरीर गाभण असल्यासारखे वागू लागते. घोळक्यातून उचललेली मादी थेट नराकडे नेली तर ती या खोट्या गाभणपणात असू शकते, आणि दोष नराला लागतो.

१२ जानेवारी

रांगेतला मादीचा पिंजरा ९० × ६० सेंमी, उंची ४५ सेंमी. तळाची जाळी १२ × २५ मिमी, बाजूंची २५ × ५० मिमी. मादीच्या पिंजऱ्यात बाजूंच्या खालच्या १० सेंमीलाही बारीक जाळी लावली, नाहीतर पेटीबाहेर आलेले पिल्लू बाजूने खाली पडते. बसायला एक फळी प्रत्येकाला. नुसत्या जाळीवर जड सशाच्या मागच्या टाचा सोलतात, आणि टाच दुखणारा नर मीलन टाळतो.

नराचा पिंजरा ७५ × ६० सेंमी. पाण्याचे भांडे आत ठेवलेले नाही, पाणी प्यायचे निप्पल बाहेरून. पाठलागात भांडे उलटते आणि दोघेही भिजतात.

कप्पा ३ × २ मीटर, भिंत १ मीटर उंच, तळ सिमेंटचा, वर गव्हाच्या काडाचा जाड थर. लपायला खोकी, प्रत्येक खोक्याला दोन दारे. एकच दार असले की पळणारी मादी कोपऱ्यात अडकते आणि तिथेच चावे बसतात. खाद्याच्या कुंड्या तीन, एकमेकींपासून लांब.

दिवस लहान आहेत. वेळयंत्रावर दिवा लावून उजेड १६ तास केला. उजेड कमी असला की माद्या नराला दाद देत नाहीत, पोटभर खाऊनसुद्धा.

२३ जानेवारी

भेटीआधीची तपासणी. प्रत्येक ससा उलटा धरून: नाक कोरडे आहे का, पुढच्या पायांची आतली लव चिकटलेली आहे का (सर्दी असलेला ससा पायाने नाक पुसतो, त्यामुळे खरी खूण पायावर सापडते), दात, टाचा, आणि जननेंद्रिय. तिथे, ओठांवर किंवा नाकाशी खपली धरलेले व्रण दिसले तर तो ससा बाजूला. ससा-उपदंश मीलनातून पसरतो. उपचार पशुवैद्यकाने दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने होतो. हे औषध तोंडावाटे कधीही देऊ नये, आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावतो. रांगेत एक बाधित ससा म्हणजे एक पिंजरा अडतो, कप्प्यात तोच सगळ्यांना लागण देऊन मोकळा होतो.

सगळे निरोगी.

२४ जानेवारी

रांग. सकाळी योनीमुखाचा रंग पाहिला. फिकट गुलाबी किंवा पांढरट आणि कोरडे असेल तर मादी बहुधा नकार देते. लाल ते जांभळट, फुगीर आणि ओलसर असेल तर तयार. र-१, र-३, र-४ लाल. र-२ फिकट.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे, उलट कधीच नाही. मादी आपली जागा राखते. नर तिच्याकडे नेला तर ती त्याला फोडून काढू शकते, आणि अनोळखी जागेत आलेला नर हुंगण्यात आणि हनुवटी घासण्यात वेळ घालवतो.

तयार असलेली मादी पसरून बसते, मागचा भाग उचलते आणि शेपटी वर करते. सगळे काही सेकंदांत आटोपते. नर बाजूला किंवा मागे कोसळतो, बहुतेकदा बारीक आवाज करतो. कोसळणे दिसले नाही तर नोंद ‘झाले’ अशी करू नये, नुसते चढणे म्हणजे मीलन नव्हे. तिन्ही माद्यांना पुन्हा संध्याकाळी, दहा तासांच्या आत, त्याच नराकडे नेले. बरेच दिवस थांबलेल्या नराच्या पहिल्या वीर्यात जुने, निर्जीव शुक्राणू जास्त असतात. दुसऱ्या भेटीने ती उणीव भरते.

र-२ ने पाच मिनिटांत नकार दिला, घुरघुरली. लगेच काढली. ‘रात्रभर राहू दे, होईल’ हा सल्ला फार ऐकू येतो. झाले तरी कधी झाले ते कळत नाही, आणि नाही झाले तर सकाळी कान फाटलेला ससा हाती येतो. तिला नराच्या पिंजऱ्यात आणि नराला तिच्या पिंजऱ्यात ठेवले, एक रात्र. वास पुरेसा असतो.

कप्पा. नर आधी आत, तासाभराने चारही माद्या एकदम. एकेक मादी सोडली असती तर आधी गेलेलीने जागा धरली असती आणि नंतरचीवर हल्ला केला असता.

२५ जानेवारी

र-२ चा रंग आज लालसर. नराने तिला घेतले, दोनदा. तारखेचे कार्ड लावले.

कप्प्यात पाठलाग चालू. नर क-१ वर चढताना दिसला, कोसळलाही. क-२ बरोबर काय झाले ते पाहिलेले नाही. क-४ ने नराला नाकावर चावले, मग क-१ ने क-४ च्या पाठीचे केस उपटले. क-३ वर क-२ वारंवार चढते आहे. ही वर्चस्वाची धडपड आहे आणि नवीन घोळक्यात पहिले दोन-तीन दिवस होतेच. पैदाशीच्या दृष्टीने चढाओढीपेक्षा चढणेच महत्त्वाचे, म्हणून क-३ वर लक्ष ठेवायचे.

२८ जानेवारी

क-४ ला मानेखाली खोल चावा. सशाची कातडी पातळ असते, वरून छिद्र लहान दिसते आणि आत पू साठतो. जखमेभोवतीचे केस कापून मिठाच्या पाण्याने धुतली, पशुवैद्यकाला दाखवली. क-४ कप्प्याबाहेर. तिला परत सोडणार नाही, आठवडाभराने ती घोळक्यासाठी अनोळखीच असेल.

५ फेब्रुवारी

रांगेतला बारावा दिवस (र-२ चा अकरावा). हाताने गाभण तपासणीला दहा ते चौदा हे दिवस चांगले. मादी समतल जागेवर, एका हाताने कान आणि खांद्याची कातडी धरून. दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढे, अंगठा एका बाजूला, बोटे दुसऱ्या बाजूला, हलकेच मागून पुढे सरकवायचे. गर्भ द्राक्षाएवढे, मऊ, एका ओळीत लागतात आणि बोटांतून निसटतात. लेंड्या लहान, कडक आणि पाठीच्या कण्याकडे. दाबून पाहण्याचा मोह आवरावा, दाबाने गर्भ सुटतो.

चारही माद्या गाभण.

नराकडे परत नेऊन ‘घेते की नाही’ यावर गाभणपण ठरवायची रीत आम्ही बंद ठेवली आहे. गाभण मादी कधी कधी नराला घेते आणि रिकामी मादी नाकारते, म्हणून उत्तरावर विसंबता येत नाही. शिवाय सशाच्या मादीला गर्भाशयाची दोन वेगळी शिंगे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मुख. आधीच्या गर्भावर दुसरा गर्भ राहणे दुर्मीळ असले तरी त्या खटपटीत आधीचा गर्भ धोक्यात घालण्याचे कारण नाही. कप्प्यातल्या गाभण मादीला हा धोका रोजचा असतो.

कप्प्यात तपासायचे कोणत्या दिवशी? क-१ ची तारीख अंदाजाने माहीत, ती गाभण. क-२ मध्ये काही लागले, पण आकारावरून दिवस सांगता येत नाही. क-३ रिकामी.

१० फेब्रुवारी

क-३ तोंडात काड घेऊन खोक्यात नेते आहे, छातीचे केस उपटून वर पसरते आहे. पुन्हा तपासली, रिकामीच. खोटी गाभण.

क-२ च्या चढण्याने २५ तारखेच्या आसपास तिचे बीज सुटले. बीज सुटलेल्या जागी अंडाशयावर पीतपिंड तयार होतात आणि प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक सोडत राहतात. खऱ्या गाभणपणात ते शेवटपर्यंत टिकतात, खोट्यात १६ ते १८ दिवसांनी विरतात. प्रोजेस्टेरॉन एकदम उतरले की घरटे करण्याची ओढ लागते. तोपर्यंतचे दिवस ती नराला दाद देत नाही आणि दिली तरी गर्भ राहत नाही. नर सतत हजर असूनही एका मादीचे जवळजवळ अडीच आठवडे गेले, आणि ते नर कमी पडल्यामुळे नव्हे तर माद्या एकत्र असल्यामुळे.

घरटे मोडू नये. मोडले की ती उरलेले केसही उपटते. एक-दोन दिवसांत ओढ आपोआप ओसरते आणि त्यानंतर मादी चांगली फळते.

१६ फेब्रुवारी

खाद्य. रिकाम्या प्रौढ सशाला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम गोळी खाद्य आणि हवे तेवढे सुके गवत पुरते. गाभण मादीला तिसऱ्या आठवड्यापासून वाढवत न्यायचे, व्यायल्यावर खाईल तेवढे. रांगेत हे सोपे. कप्प्यात गाभण माद्यांसाठी वाढवलेले खाद्य नर खातो. त्याच्या फासळ्या हाताला लागेनाशा झाल्या आहेत. लठ्ठ नर आळशी होतो आणि टाचाही बिघडतात. माद्यांचे कमी करावे तर दूध कमी. कुंड्या कितीही वाढवल्या तरी एकत्र कप्प्यात याला उपाय सापडलेला नाही.

२१ फेब्रुवारी

अठ्ठाविसावा दिवस, रांगेत पेट्या दिल्या (र-२ ला उद्या). पेटी ४५ × ३० × ३० सेंमी, पुढचा काठ १५ सेंमी. तळाला निचऱ्याची छिद्रे, वर तीन सेंमी लाकडाचा भुसा, त्यावर मऊ काड गच्च भरलेले. काठ १५ सेंमी ठेवण्याचे कारण: मादी पाजून उडी मारते तेव्हा आचळाला लोंबकळणारे पिल्लू काठाला अडून आत पडते.

फार आधी दिलेल्या पेटीत मादी लघवी करते. उशिरा दिली तर पिल्ले जाळीवर. कप्प्यात क-२ चा दिवस माहीत नसल्याने तिथे दोन पेट्या आठवड्यापासून आहेत, एकीत माद्या बसून राहतात, ती दोनदा बदलावी लागली.

२४ फेब्रुवारी

र-१, र-३, र-४ पहाटे व्यायल्या, एकतिसाव्या दिवशी. केस उचलून मोजणी, मेलेले पिल्लू आणि झारेचे (वारेचे) तुकडे काढले. र-३ कडे दहा पिल्ले, र-४ कडे पाच. दोन मोठी पिल्ले र-४ च्या पेटीत तिच्याच केसांत लपेटून ठेवली. तारखा जुळल्या तरच हे जमते: पहिल्या तीन दिवसांत, वयातला फरक दोन दिवसांपेक्षा जास्त नको. एकाच दिवशी अनेक माद्या नराकडे नेण्याचा हा मोठा फायदा.

पिल्लांना आई दिवसातून एकदा, तीन ते पाच मिनिटेच पाजते. ती पेटीत दिसत नाही म्हणून घाबरू नये. पोट गोल आणि ताणलेले असेल तर पाजलेले आहे. सुरकुतलेले असेल तर उद्या सकाळी पुन्हा पाहायचे.

२६ फेब्रुवारी

कप्पा. क-१ पहाटे व्याली, सात पिल्ले. उजाडताना नर तिच्या मागे, आणि थोड्या वेळात मीलन झाले. दिसले, नोंदवले.

एकत्र ठेवण्यातला सगळ्यात महाग प्रकार हाच. व्यायल्यापासून काही तासांतच मादी नराला घेते आणि गर्भ राहतो. क-१ च्या पोटात आजपासून दुसरे वेत, अंगावर पहिले. हिशेब: दुसरे वेत २९ मार्चच्या सुमारास. दूध तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हा पोटातले गर्भ वाढीला लागतात. मादी खाऊन ही भर काढू शकत नाही, अंगातली चरबी आणि हाडातले कॅल्शियम जाते. एखाद्या वेळेस चांगली मादी हे निभावते. लागोपाठ दोन-तीन वेते अशी झाली की वेत लहान होते, पिल्ले अशक्त निघतात, मादी नराला घेणे सोडते किंवा दगावते. एकत्र ठेवल्याने पिल्ले भराभर वाढतात असे सुरुवातीला दिसते ते यामुळेच. ती वाढ मादीच्या आयुष्यातून कापलेली असते.

नर आजच बाहेर. नर मुद्दाम पिल्ले मारतो असा समज आहे. नुकसान बहुधा पाठलागात होते: मादी घाबरून पेटीत उडी मारते आणि पिल्ले तुडवली जातात.

२७ फेब्रुवारी

क-२ व्याली, क-१ च्याच पेटीत. सहा पिल्ले, एकूण तेरा एका ढिगात. दुसरी पेटी मोकळी पडून आहे. माद्यांना जिथे आधीच केस आणि वास आहे तिथेच जावेसे वाटते. पिल्ले आकारावरून अंदाजाने दोन पेट्यांत विभागली, पण कोणाची आई कोण हे आता सांगता येणार नाही. पैदाशीसाठी मादी निवडताना आईच्या वेताची नोंद लागते, ती या पिल्लांपुरती गेली. पेट्या आणि माद्या आडव्या जाळीने वेगळ्या केल्या, घोळक्यात एक मादी दुसरीची पिल्ले मारू शकते.

क-३ तपासली, द्राक्षाएवढे गर्भ. खोट्या गाभणपणानंतर लगेच, १२ तारखेच्या आसपास राहिली असावी. तिला स्वतंत्र पिंजरा, ८ मार्चला पेटी. दिवस नक्की नसला की पेटी लवकर द्यावी आणि रोज झाडावी.

६ मार्च

रांगेतल्या पिल्लांचे डोळे उघडले. ज्याचे बाराव्या दिवशीही मिटलेले, त्याचे कोमट उकळलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसायचे.

१० मार्च

क-१ गाभण असल्याचे हाताला लागले. क-२ रिकामी. एका दिवसाच्या अंतराने व्यालेल्या दोन माद्या, फरक नर कप्प्यात असण्या-नसण्याचा.

१५ मार्च

क-३ व्याली. कप्प्यातली तीन वेते अडीच आठवड्यांवर पसरली. क-३ ची पिल्ले कोणाकडे देता येत नाहीत, बाकीची फार मोठी. पाणी दिवसातून दोनदा पाहायचे, या दिवसांत पाजणारी मादी आणि तिची पिल्ले मिळून दोन लिटरपर्यंत पितात.

२४ मार्च

रांगेत पुन्हा मीलन, व्यायल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी. दूध उतरणीला आहे, पिल्ले खाऊ लागली आहेत. दूध ३१ तारखेला तोडले की पुढच्या वेतापर्यंत मादीला साडेतीन आठवडे मिळतात. या वेळी र-३ ने नकार दिला, पिंजऱ्यांची अदलाबदल, दुसऱ्या दिवशी घेतले.

क-१ ची पिल्ले उद्या, २५ ला, तोडावी लागणार, जेमतेम चार आठवड्यांची. आतडी अजून तयार नसतात, म्हणून त्यांना आठवडाभर आधीच्याच खाद्यावर आणि सुक्या गवतावर ठेवायचे, हिरवे अजिबात नाही. तिच्या पाठीचा कणा बोटाला धारदार लागतो आहे.

३० मार्च

क-१ काल व्याली. चार पिल्ले, एक मेलेले. छातीवर उपटायला पुरेसे केसच नव्हते, र-१ च्या पेटीतले जपून ठेवलेले केस वापरले. तिला आता नर दाखवायचा नाही, कणा पुन्हा भरेपर्यंत.

३१ मार्च

रांगेत दूध तोडले. आई काढली, पिल्ले त्याच पिंजऱ्यात. जागा आणि आई एकाच दिवशी सुटली तर पिल्ले जुलाबाला लागतात.

१२ एप्रिल

शेडमध्ये दुपारी ३३ अंश, सलग काही दिवस. ३० च्या वर नराचे वीर्य बिघडते. शुक्राणू तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे आजच्या उष्णतेचा परिणाम मे अखेरपर्यंत राहू शकतो. नर मीलन करीत राहतो, म्हणून शंका येत नाही. असा नर माद्यांच्या कप्प्यात असेल तर तो एकामागून एक सगळ्यांचे बीज सोडवतो आणि सगळ्या खोट्या गाभण होतात. नर शेडच्या सगळ्यात गार टोकाला हलवले, पत्र्यावर पाणी, पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली.

५ मे

पिल्ले दहा आठवड्यांची. लिंगतपासणी करून नर-माद्या वेगळ्या केल्या. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजू हलक्या दाबल्यावर गोल टोक नळीसारखे बाहेर आले तर नर, फट दिसली तर मादी. शंका असलेली दोन पिल्ले नरांत ठेवण्याऐवजी एकेकटी ठेवली. बारा आठवड्यांपुढे भाऊ-भाऊही एकत्र नकोत, नर एकमेकांच्या वृषणांना चावतात.

पैदास नको, पण सोबत हवी, अशांसाठी नराचे खच्चीकरण करून जोडी ठेवता येते. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे मादीपासून लांबच ठेवावा, वाटेत उरलेले शुक्राणू तोवर गर्भ राखू शकतात.

२० मे

कप्पा मोडला नाही, वापर बदलला. पैदाशीसाठी न निवडलेल्या लहान माद्या तिथे एकत्र राहतील. पैदाशीला घ्यायची मादी १८ दिवस आधी तिथून बाहेर, स्वतंत्र पिंजऱ्यात. नर कप्प्यात जाणार नाही.

रांगेच्या पुढच्या फेरीचे कार्ड: मीलन २२ मे, सकाळ-संध्याकाळ. तपासणी ३ जून. पेटी १९ जून. वेत २२ जून. एप्रिलच्या उष्णतेमुळे या वेळी कोणती मादी रिकामी निघाली तर ती बाजूला काढायची नाही. तिला ९ जूननंतर, खोट्या गाभणपणाचे दिवस संपल्यावर, त्याच नराकडे पुन्हा न्यायचे.